तोंड दाराकडं

“परत घेणार का न्हाई, तेवढं सांगा बाबा.”

रंगराव थोरातानं हातातली दोरी पुढं केली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला म्हातारं कुत्रं. तोंडावरची लव पांढरी झालेली, एका डोळ्यावर साय धरलेली. उभं राहवेना, म्हणून ते धुळीतच बसलं.

चेतनगीर बाबा चुलीपुढं भाकरी थापत होते. त्यांच्या मठामागं पत्र्याची शेड आहे. थकलेली कुत्री, दात पडलेली मांजरं लोक तिथं आणून सोडतात. कुणाच्या मनात आलं तर नेतातही. पण नेणारा पिल्लूच मागतो. रंगराव बाबांचा शिष्य. त्यानं मागल्या अवसेला आपणहोऊन म्हातारं कुत्रं नेलं, आणि जाताना चार माणसं ऐकतील असं बोलला होता, “पिल्लू काय, कुणीबी नेतंय.”

“केलं काय त्यानं?” बाबांनी विचारलं.

“काय करत न्हाई, तेच तर. गादी घातली. दूधभाकरी चारली. ह्या हातांनी गोचीड वेचले. आणि ते बघतंय दाराकडं. मी आत आलो तर माझ्यामागं बघतंय, आनखी कोन आलंय का म्हणून.”

“चावतं?”

“न्हाई.”

“खातं?”

“खातंय की. खातंय आणि परत तोंड दाराकडं.”

बाबांनी भाकरी उलटली.

“बायको वारल्यापासनं घरात कुनी न्हाई, बाबा. वाटलं, आपण दारात आलो की कुनीतरी उठून म्होरं यावं. येवढंच. तेबी ह्याच्यानं होईना.”

बाबांनी भाकरी निखाऱ्यावर शेकायला लावली.

“मग? घेताय न्हवं परत?”

“आधी जेव.”

आता ह्या मठाची एक रीत आहे. जेवणाऱ्याकडं कुणी बघायचं नाही. ताट ठेवायचं आणि पाठ फिरवायची. राजा येवो नाहीतर चोर.

बाबांनी ताट ठेवलं. भाकरी, ठेचा, कांदा. पण पाठ काही फिरवली नाही. ते समोरच उकिडवे बसले आणि रंगरावाच्या तोंडाकडं बघत राहिले.

रंगरावानं घास घेतला.

“गोड लागली?”

“लागली.”

“मी थापलीय.”

“बघितलं की, बाबा.”

“धुरात बसून. ह्या वयाला.”

“व्हय... लई उपकार झाले.”

“मग हसत का न्हाईस?”

रंगराव हसला.

“असं न्हवं. मनापासनं.”

घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. रंगरावानं पाणी पिऊन तो कसाबसा खाली ढकलला. बाबांची नजर हलली नाही.

“दुसरी वाढू? आवडली म्हणालास न्हवं? का नुसतं तोंडदेखलं?”

रंगरावानं हात आखडला.

“बाबा, तुमीच रीत मोडताय. असं डोळं लावून बसल्यावर मानसानं गिळावं कसं?”

बाबा उठले. उरलेली भाकरी कुस्करली, पाण्यात कालवली, कुत्र्यापुढं ठेवली. आणि पाठ करून बसले.

कुत्रं सावकाश खात होतं. रंगराव बघत होता...

मग त्यानंही मान वळवली.

खाऊन झाल्यावर कुत्रं उठलं, दोरी पुरेल तेवढं गेलं आणि मठाच्या फाटकाकडं तोंड करून बसलं.

“बघा! हितंबी तेच.”

“दिसतंय.”

“कुनाचं हो ह्ये?”

“मळ्यावरचा एक म्हातारा होता. एकटाच. तो गेला, आणि पोरांनी ह्याला हितं आणून बांधलं.”

“म्हंजे... येनार न्हाई कुनी.”

“न्हाई.”

रंगराव कुत्र्याच्या पाठीकडं बघत होता. मग उठला, ताट घासून पालथं घातलं, आणि दोरी पुन्हा हाताला गुंडाळली.

“ह्याला घरी न्हेतो. पर न्हेऊन मी करू काय, बाबा?”

“त्याच्या शेजारी बस. दाराकडं तोंड करून.”