येसूचा देवचाफा आणि आईची झोप

एक गाव होतं. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण मी सांगायची नाही. सांगितलं की तुम्ही लगेच तिथे धावाल आणि चाफ्याच्या फांद्या मोडून आणाल! तर ते गाव निळ्यानिळ्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. गावाच्या अगदी टोकाला एक इवलीशी झोपडी होती आणि त्या झोपडीत येसू आणि तिची आई अशा दोघीच राहायच्या.

येसूचे बाबा देवाघरी गेले, तेव्हापासून आईची झोपच उडाली होती. दिवसभर ती अबोलीचे केशरी गजरे ओवायची आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडायची. उद्या गजरे विकले नाही गेले तर? मी आजारी पडले तर माझ्या पोरीला कोण बघणार? हेच तिच्या डोक्यात. तिचे गाल खोल गेले, सुई सारखी बोटात घुसू लागली. शेवटी वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "माझ्या पुड्यांनी काही व्हायचं नाही," ते म्हणाले. "हिला गाढ झोप लागली तर ही बरी होईल. नाही लागली तर कठीण आहे."

येसूने हे दाराआडून ऐकलं. त्या दिवसापासून तिने आईच्या तळपायांना तेल चोळलं, अंगाई म्हटली, आईचं डोकं आपल्या चिमुकल्या मांडीवर घेऊन थोपटलं. लेकीला बरं वाटावं म्हणून आई डोळे मिटायची. पण तिच्या पापण्या नुसत्या थरथरत राहायच्या. येसूला ते कळत नव्हतं का?

डोंगरावर एक जुनी, विसरलेली बाग होती. येसू तिथे चुलीसाठी काटक्या गोळा करायला जायची. एका सकाळी तिथे वानरांनी नुसता हैदोस घातला होता. देवचाफ्याची एक जाडजूड फांदी मोडून खाली पडली होती आणि तिच्यातून पांढरंशुभ्र दूध टपटप गळत होतं.

"आई गं! किती लागलंय तुला!" येसू म्हणाली. तिने काटक्यांची मोळी बाजूला ठेवली आणि आपल्या परकराच्या टोकाने ते दूध हलकेच टिपलं.

तोच झाडावर काहीतरी लुकलुकलं. पानांच्या आडून एक पिटुकली परी खाली उतरली. तिचा झगा बाहेरून पांढरा होता आणि आतून हळदीसारखा पिवळा. पंख असे झुळझुळीत, की त्यांतून पलीकडचं आभाळ दिसावं!

"चांगली जळणाला नेण्यासारखी फांदी," परी म्हणाली. "मग मोळीत का नाही बांधलीस?"

"तिला दुखतंय ना," येसू म्हणाली.

परीला इतका आनंद झाला की तिच्या पंखांतून चंदेरी चुरा भुरभुर सांडला. "मग ही फांदी तुझी! हिला पहिलं फूल येईल, ते इच्छाफूल. त्याच्याजवळ एक इच्छा माग, लगेच पुरी होईल. पण नियम आहेत हं! फूल खुडायचं नाही. ते आपणहून गळेल तेव्हा ओंजळीत झेलायचं आणि सूर्य मावळायच्या आत मागायचं. खुडलंस तर ते नुसतंच फूल. आणि ही फांदी आज लावू नकोस. जखम सुकू दे, दूध आटू दे, मग लाव. पाणीसुद्धा बेतानेच घाल."

"परीताई, माझ्या आईला झोप मिळेल?"

"मागशील ते मिळेल," परी म्हणाली आणि पानांत दिसेनाशी झाली.

येसूने फांदी सावलीत ठेवली, जखम खडखडीत वाळेपर्यंत धीर धरला आणि मग ती अंगणात लावली. इथपर्यंत सगळं छान झालं. पण पुढे काय केलं बाईसाहेबांनी? पाणी! सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला पाणी. आईने प्यायला दिलेला पेलासुद्धा ती अर्धा फांदीला पाजायची. "पी गं बाई, पी. लवकर मोठी हो. माझ्या आईला झोप हवीय," असं तिच्या कानात, म्हणजे फांदीला कान असतील तिथे, सांगायची.

फांदी पिवळी पडली. बुडाशी मऊ झाली. एके दिवशी येसूने हात लावला तर ती कलंडलीच, आणि तिला कुजका वास येत होता.

येसू रडत रडत डोंगरावर धावली. "परीताई, मी तिला माझ्या वाट्याचं पाणी पाजलं! तरी ती मरतेय!"

"म्हणूनच मरतेय, वेडाबाई!" परीने कपाळाला हात लावला. "देवचाफा पाणी आपल्या अंगातच साठवून ठेवतो. तू लाडाने बुडवलंस त्याला. आता रडू नकोस. कुजलेला भाग कापून टाक. आत स्वच्छ पांढरं दिसलं की थांब. पुन्हा सुकव आणि वाळू-खडे घातलेल्या मातीत लाव. मग माती कोरडी पडल्याशिवाय थेंबभरही घालायचं नाही!"

येसूने सगळं तसंच केलं. पण खरं सांगू? फांदी कापण्यापेक्षाही पाणी न घालणं तिला जड गेलं. रोज सकाळी ती तांब्या घेऊन यायची, मातीत बोट खुपसून बघायची आणि ओल लागली की तांब्या तसाच परत न्यायची. हळूहळू फांदी ताठ झाली. तिला तुकतुकीत हिरवी पानं फुटली. येसू अंगणभर नाचली!

मग थंडी आली आणि पानं एकेक करून सगळी गळाली. उरला नुसता बोडका खुंट. शेजारची बायजाकाकी कुंपणावरून बघून फिदीफिदी हसली. "काय गं येसू, काठीची राखण करतेस होय? चुलीत घाल ती. आईला निदान अंघोळीला गरम पाणी तरी मिळेल!"

येसूला राग आला आणि भीतीही वाटली. काकीचं खरं असलं तर? तिने नखाने खुंटाची साल जराशी खरवडली. आत हिरवंगार! "ती निजलीय, काकी," येसू म्हणाली. "निजलेल्याला उठवू नये."

ऊन तापायला लागलं आणि त्या बोडक्या खुंटाच्या टोकाला कळ्यांचा एक झुबका आला. गुलाबी देठांच्या, मिटलेल्या, टपोऱ्या कळ्या! पण तोवर आईच्या अंगातलं बळ सरलं होतं. तिला बसवत नव्हतं, सुई धरवत नव्हती. येसू कळ्यांकडे बघायची आणि आईकडे बघायची.

एका दिवशी पहिलं फूल उमललं. पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळं ऊन! येसू त्याच्याखाली ओंजळ धरून उभी राहिली. हात अवघडले, पाय दुखले. खुडावं का? नुसतं हात वर केला की झालं! नाही, नाही. ऊन उतरलं. आभाळ आधी नारिंगी, मग जांभळट झालं. सूर्य डोंगराला टेकला आणि फूल गरगरत, गिरक्या घेत अलगद तिच्या ओंजळीत आलं.

'माझ्या आईला झोप' हे शब्द अगदी तिच्या ओठांवर होते. तोच शेजारून बायजाकाकीचा हंबरडा आला.

"अगं, कुणीतरी धावा गं! माझा गोंद्या! करडामागे घळीत उतरला तो वर आलाच नाही! अंधार पडला तर कड्यावरून जाईल गं माझं लेकरू!"

सूर्याची नुसती एक लाल कोर उरली होती. येसूने दारातून आत पाहिलं. आई चटईवर पडली होती, डोळे टक्क उघडे. येसूला वाटलं, आपलं काळीज आता फुटेल. तिने फूल छातीशी घट्ट धरलं, रडली, आणि रडतरडतच म्हणाली, "गोंद्याला सुखरूप घरी आण."

फूल ओंजळीतून उडालं. चांदणीसारखं चमचमत ते डोंगराकडे गेलं, घळीत उतरलं. आणि थोड्या वेळाने त्या इवल्याशा उजेडाच्या मागून, करडू खांद्यावर टाकून, गोंद्या डोंगरावरून खाली येताना दिसला! बायजाकाकीने त्याला एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरून ती ढसाढसा रडली.

येसू आत गेली आणि आईच्या कुशीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली. "आई, तुझी झोप मी काकीला देऊन टाकली गं!"

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "अगं वेडे, ते पोर तिकडे कड्यावर असताना मला झोप लागली असती का?"

तेवढ्यात दारात बायजाकाकी उभी. एका हातात गरम दुधाचा तांब्या, दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. "सगुणा, मी शेजारी असून नसल्यासारखी वागले बघ. आता मनाला काही लावून घेऊ नकोस. गजरे मी ओवीन, बाजारात गोंद्या नेईल. आणि तुझी येसू ती माझी येसू. कळलं?" मग तिने आणि येसूने मिळून आईची चटई अंगणात चाफ्याखाली अंथरली. काकीने अबोलीची टोपली काखेत मारली आणि ती घरी गेली.

झुबक्यातल्या बाकीच्या कळ्या एकेक करून उमलू लागल्या. गोड, मऊ वास अंगणभर पसरला. "येसू," आई म्हणाली, "उद्या काकीला सांग, की दोरा जरा..." आणि आईने जांभई दिली! एवढी मोठी जांभई येसूने कधी पाहिलीच नव्हती. वाक्य तसंच अर्धवट राहिलं.

तेव्हाच अंगणात झगमगाट झाला. गुलाबी, सोनेरी, निळे किरण नाचत आले आणि त्यांच्या मधोमध परी! "येसू!" ती आनंदाने ओरडली. "तू आपलं फूल दुसऱ्याला दिलंस, म्हणून मी स्वतः आले! माग, आणखी एक इच्छा माग!"

"श्श!" येसूने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल ना! आई झोपलीय."

परीने वाकून पाहिलं. आईच्या पापण्या शांत होत्या. "पण मी तर अजून काहीच केलं नाही," परी कुजबुजली. "मग आता तुला काय हवं?"

येसूने विचार केला. "तुझा उजेड जरा कमी करशील? तिच्या डोळ्यांवर येतोय."

परी खुदकन हसली, पण आवाज न करता. तिने आपले सगळे किरण ओढणीसारखे हळूच गोळा केले, चाफ्याच्या कोवळ्या फुटव्यांत थोडेथोडे ठेवले, आणि उरलेल्या एका ठिपक्याएवढ्या उजेडात विरून गेली.

सकाळी उन्हं अंगणात आली, फुटव्याफुटव्यावर फुलं डोलू लागली, काकी दोनदा डोकावून गेली. आई घोरत होती, आणि येसूने कोणालाही तिला उठवू दिलं नाही.