दुपदरी गाणे

एका राज्यात आज्ञा लिहीत नसत, गात असत. सकाळी राजा वज्रनाभ सज्जात उभा राहून गाई, आणि जो ऐके त्याचे हात आपोआप कामाला लागत. पेरणीचे गाणे ऐकून शेते पेरली जात, विणकामाचे ऐकून माग चालत. गाणे कुणाचे, हे कोणी विचारत नसे. तिथेच घात झाला.

सीमेपलीकडच्या एका मांत्रिकाने एक गाणे रचले आणि वाऱ्यावर सोडले. त्या गाण्याला ना हात होते, ना घर. त्याची आज्ञा एकच: मला गा. जो ऐके तो सारे टाकून तेच गाई, आणि त्याचे ऐकून शेजारी गाई. माग थांबले, चुली विझल्या. शेवटी ते राजाच्या गळ्यात शिरले. राजा अन्न घेईना, डोळा मिटेना. त्याचा चेहरा मेणासारखा पिवळा होत चालला.

दूरच्या अरण्यात, सावरीच्या ढोलीत, एक म्हातारी धनेश पक्षीण राहते आणि तिच्या चोचीने काहीही कापता येते, असे राणी पद्मगंधेने ऐकले होते. तिने आपल्या आणि तान्ह्या इंदुलेखेच्या कानांत मेण घातले, लेकीला कडेवर घेतले आणि ती निघाली.

अरण्यात गाणे पोचले नव्हते. तिथे राणीने मेण काढले. पक्षिणीने तिची सारी हकीकत ऐकून घेतली.

"तीन कामे आहेत," ती म्हणाली. "आधी ते गाणे मला आणून दे. पण वाढत असताना पकड."

राणीला अर्थ कळेना. तेव्हा पक्षिणीने सांगितले, की राज्यातली गाणी एकपदरी असतात. हे गाणे मात्र आपल्यासारखे दुसरे घडवताना त्याला पीळ घालते, दुपदरी होते. चोर ओळखायचा तो त्या पिळावरून.

राणी मेण घालून वेशीपर्यंत परत गेली. तिथे दोन कोष्टी समोरासमोर बसून गात होते, आणि त्यांचे सूर हवेत एकमेकांना वेढत होते. राणीने तो पिळाचा दोर तुंब्यात भरला, बूच मारले आणि अरण्यात आणला.

दुसरे काम तो ताणून धरण्याचे. दोर सापासारखा वळवळला, राणीचे तळवे सोलून निघाले, पण तिने सोडला नाही. पक्षिणीने चोचीने त्याचे पेराएवढे सारखे तुकडे केले. तुकड्यांची आज्ञा कोणी पाळत नसे. पण प्रत्येक तुकड्याला आपल्या जोडीची ओळ ठाऊक असे. ती जिथे भेटे तिथे तो तिला बिलगे, आणि गाणे तुटे.

साळुंक्यांचे थवे ते तुकडे माणसांच्या गळ्यांत बांधायला घेऊन उडाले. जिथे गाणे पोचले होते तिथे गेले, आणि जिथे अजून पोचायचे होते तिथे त्याच्याही आधी गेले.

एक तुकडा उरला. पक्षिणीने तो राणीपुढे ठेवला.

"राजापाशी हा तू गळ्यात बांधून न्यायचा. हे तिसरे काम," ती म्हणाली. "पण बाई, या ओळीची चाल तुझ्या अंगाईसारखी आहे. वाटेने तू गात होतीस, मी ऐकले. तुकड्याला भेद कळत नाही. हा गळ्यात बांधलास, तर ती अंगाईही तुटेल. कायमची."

ती अंगाई राणीसाठी तिची आई गात असे. आई गेल्यावर आईचे म्हणून तेवढेच उरले होते.

"एकदा गाऊ का?" राणीने विचारले.

"गा. मला घाई नाही."

राणी गायली. इंदुलेखा झोपली. पक्षिणीनेही डोळे मिटले. मग राणीने तुकडा गळ्यात बांधला.

राजवाड्यात तिने वज्रनाभाला जवळ घेतले आणि त्याचे कपाळ आपल्या गळ्याशी टेकवले. तुकडा ओळीला बिलगला. गाणे मधेच तुटले. किती दिवसांनी राजाने श्वास भरून घेतला.

"पद्मगंधे," तो म्हणाला, "भूक लागली आहे."

तिने त्याला पेज भरवली. तेवढ्यात इंदुलेखा रडू लागली. राणीने तोंड उघडले, पण अंगाईचा एक शब्दही येईना. काय देऊन आली, ते तिने राजाला सांगितले. राजाने तिचे सोललेले तळवे पाहिले आणि लेकीला खांद्यावर घेतले. बसलेल्या आवाजात, अडखळत, सुचेल ते तो गुणगुणू लागला. जन्मभर आज्ञा गाणाऱ्या राजाने असे गाणे पहिल्यांदाच रचले, ज्यात कोणालाच काही करायला सांगितले नव्हते. त्यात "नीज" असेसुद्धा म्हटले नव्हते. राणी ऐकता ऐकता भिंतीला टेकली आणि इंदुलेखेच्या आधी झोपली.

चुली पेटल्या, माग चालू लागले. मांत्रिकाचे गाणे पुढेही कधीमधी सीमेवर येई. पाणवठ्यावरची एखादी बाई गळ्यातल्या तुकड्यामुळे ते ओळखे, क्षणभर थांबे, गाणे तिथेच तुटून पडे, आणि ती घागर उचलून घरी जाई. पुढे जन्मलेल्या लेकरांनाही ते उपजत ओळखता येई. त्या राज्याचे बरे झाले, तसे सगळ्यांचे होवो.