चाकावरचा पत्रा

सायकलवरून जाणाऱ्या दत्तारामला कुणीतरी उडवलं. तो जागीच गेला. दुसऱ्या दिवशी सभापती भाऊ तेंडोलकरांची जीप दस्तगीर डेंटरकडे आली. चाकावरचा पत्रा चेपला होता आणि त्याला निळा रंग लागला होता. दत्तारामची सायकल त्या रंगाने दस्तगीरनेच रंगवली होती.

"रुंद टायर बसवायचेत. हा पत्रा काप," भाऊ म्हणाले. "पण खाऱ्या हवेत गंज चढला, तर तुझं गॅरेज राहणार नाही."

दस्तगीरने पत्रा कापला, कडा घासून प्राइमर मारला, टायर बसवले.

गाडी न्यायला आलेल्या भाऊंनी दरडावलं, "गंजणार नाही ना?"

"नाही भाऊ. कापलेल्या तुकड्यालाही निळा रंग सोडून सगळीकडे प्राइमर मारलाय. दत्तारामच्या बायकोने तो सकाळीच फौजदारांकडे नेला. कोर्टात किती वर्षं लागतील, काय सांगावं."