जांभळीला राणी करण्याबाबत

एक होतं जंगल. तिथे लोकशाही होती, असं खुद्द सिंहाने सांगितलं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. तिथल्या समतामंत्री होत्या गोदाताई अस्वल. रंगाने काळ्याकुळकुळीत, आणि भाषणात त्याचा अभिमानही सांगत.

एक दिवस त्यांची लेक जांभळी बालवाडीतून रडत आली. खेळात पांढरीशुभ्र ससुली राणी झाली होती आणि जांभळीला नेहमीसारखं चोर केलं होतं. आता ती बालवाडीत जाणारच नाही म्हणाली. दुसऱ्या कुठल्या आईने लेकीला जवळ घेतलं असतं. गोदाताई मंत्री होत्या, त्यांनी समिती नेमली.

समिती अभ्यासदौऱ्यावर बर्फात गेली, वाळवंटात गेली, समुद्रकिनारी तर दोनदा गेली. अहवाल आला: जगभर दुधाचे दात न पडलेली पिल्लंसुद्धा गोऱ्यालाच राणी करतात.

"सगळीकडेच आहे म्हणजे आपल्यावर ठपका नाही," गोदाताई हायसं वाटून म्हणाल्या.

लगेच अध्यादेश निघाला: यापुढे बालवाडीत प्रत्येक पिल्लू राणी, चोर कोणीही नाही. चोर नाहीत म्हटल्यावर मंत्रिमंडळात थोडी चलबिचल झाली, पण अध्यादेश फक्त बालवाडीपुरता आहे हे कळल्यावर सगळ्यांनी बाकं वाजवली.

जांभळी दुसऱ्या दिवशीही रडतच आली. "म्हणाले, तू काळी राणी, मागे उभी राहा."

"कोण शिकवतं गं ह्यांना असलं?" तिच्या गालांना साय-बेसन चोळत गोदाताईंनी विचारलं.

"माहीत नाही," जांभळी म्हणाली. "आपल्या बाळाच्या बारशाला मावशी म्हणाली, रंग काळाच आहे की गं. तू म्हणालीस, असू दे, मुलगा आहे, खपून जाईल. त्याला तू हे लावत नाहीस."

गोदाताईंचा हात थांबला. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी वाटी दूर सारली आणि लेकीला पोटाशी धरलं. हे सगळं बदलायचं, असं त्यांनी अगदी ठरवलं.

तेवढ्यात निवडणूक लागली. फलक रंगवायचं काम पक्षाच्या सरड्याकडे होतं. "ताई, चेहरा जरा उजळ करू का?" त्याने अदबीने विचारलं.

"लोकांना आवडतं तसं कर बाबा," गोदाताई म्हणाल्या. "आपलं काय आहे त्यात."

चौकात फलक लागला. वर 'सर्व रंग समान', खाली हात जोडलेली दुधासारखी मूर्ती. आईचं बोट धरून जांभळी कितीतरी वेळ बघत राहिली.

"आई, ह्या बाई कोण?"

"ह्या होय," गोदाताई म्हणाल्या, "ह्या समतामंत्री."