रखमाजीचा माळ

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यातली वस्ती नदीपाशी संपायची. नदीपलीकडे नुसता माळ होता. कुसळी गवत, बोरीबाभळी आणि नजर पोचेल तिथवर दगड.

त्या माळावर सगळ्यांत आधी नांगर घातला तो रखमाजीने. दोन बैल आणि थोडं ज्वारीचं बियाणं घेऊन तो आणि त्याची बायको ठकूबाई नदी उतरून गेली. पहिली दोन वर्षं त्यांनी कणसं कमी आणि दगडच जास्त वेचले. एका बैलाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. पेरणी तोंडावर आली होती. ठकूबाईने पदर खोचला आणि जुवाची रिकामी बाजू आपल्या खांद्यावर घेतली.

हळूहळू माणसं मागून येऊ लागली. घरं झाली, विहिरी झाल्या. गावाला नाव पडलं रखमाजीचा माळ.

त्या राज्यात राजा एकटा कायदा करत नसे. प्रत्येक मुलखातले लोक आपला एक माणूस निवडून सभेत पाठवत. माळावरच्यांनी एकमुखाने रखमाजीला पाठवलं.

नऊ वर्षं तो सभेत बसला. बोलायचा थोडं. पण रस्त्याचा, पाण्याचा, गायरानाचा विषय निघाला की सारे त्याच्याकडे बघायचे. राजधानीत त्याला काही कमी नव्हतं. तरी मृगाचे ढग दिसले की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नसे. आता ठकूने पेरणीची तिफण काढली असेल, आता जमिनीला वाफसा आला असेल, असं मनाशी म्हणत तो आपले तळवे बघायचा. त्यांवरचे घट्टे विरत चालले होते.

दहाव्या वर्षी गावची मंडळी राजधानीत त्याच्याकडे आली.

"बाबा, डोंगरापलीकडून लोंढा यायला लागलाय," ते म्हणाले. "त्यांची गावं दरड कोसळून गेली म्हणे. आपल्या माळाची उत्तर बाजू मागताहेत. तुम्ही सभेत कायदा करून घ्या. नदीपलीकडे आता नवा माणूस नको."

"उत्तर बाजू पडीकच आहे की," रखमाजी म्हणाला.

"आज पडीक आहे. उद्या आपल्या पोरांना लागेल. आम्ही तुम्हाला निवडलंय, बाबा."

ते शेवटचं वाक्य त्याला लागलं. ठकूबाईला निरोप पाठवून त्याने तिला बोलावून घेतलं आणि सारं सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, मला त्या कायद्यातलं काय कळतंय? पण आपण गेलो तेव्हा नदीवर कुणी उभं असतं तर?"

सभा भरली. रखमाजी उभा राहिला.

"महाराज, माझ्या गावाचं म्हणणं आहे की माळ बंद करावा. ते मी जसंच्या तसं सांगितलं. आता माझं म्हणणं ऐका. आम्ही माळावर गेलो तेव्हा तिथे एक म्हातारी मेंढरं चारत होती. आम्ही तिचं कुरण नांगरलं. तिने काठी उगारली नाही. उलट झरा कुठे आहे तो दाखवला, आणि खत व्हावं म्हणून आमच्या वावरात मेंढरं बसवली. मी विचारलं, 'आजी, आम्ही इथे राहू ना?' ती हसली. म्हणाली, 'माळ काय माझ्या बापाचा हाय?' मला लोक पहिला शेतकरी म्हणतात, महाराज. पण माझ्या आधी ती होती. तिने दार लावलं नाही. मी कसं लावू?"

कायदा नामंजूर झाला.

गाव संतापलं. पुढच्या निवडीत रखमाजीचं नाव कुणी घेतलं नाही. तो मुकाट्याने घरी आला आणि नांगर धरला. पहिल्याच दिवशी हाताला फोड आले. ठकूबाईने त्यांवर तेल लावलं आणि दोघं जुन्या दिवसांच्या आठवणी काढत बांधावर बसून राहिली.

डोंगरापलीकडची माणसं उत्तर बाजूला वसली. गाव त्यांच्याशी बोलत नसे.

तिसऱ्या वर्षी पावसाने दडी मारली. गावातल्या विहिरी खरवडून निघाल्या. तेव्हा नव्या वस्तीतला सटवाजी आपली माणसं घेऊन आला.

"आम्ही डोंगरातली माणसं," तो म्हणाला. "ओढा कुठे अडवायचा ते आम्हाला कळतं. दगड तर तुमच्याकडे रगड आहेत. हात लावाल का?"

दोन्ही वस्त्यांनी मिळून बंधारा घातला. उशिरा का होईना, चार सरी आल्या आणि त्यांचं पाणी अडलं. विहिरींना पाझर फुटला. ज्वारी तगली, गुरं तगली.

त्या सुगीत गाव रखमाजीच्या दारी आलं. "बाबा, चुकलं आमचं. सभेत पुन्हा तुम्हीच जा."

रखमाजीने मान हलवली. "माझी खुर्ची मी भोगली. आता सटवाजीला पाठवा. पाण्याचं त्याला माझ्याहून जास्त कळतं."

गावाने सटवाजीला पाठवलं. आणि पुढे कितीतरी वर्षं, आधीचा कोण आणि मागचा कोण, हे त्या माळावर कुणी विचारलं नाही.

तात्पर्य: आधी पोचलेल्या माणसाने मागून येणाऱ्यासाठी जागा ठेवावी.