तीन सोमवारांची पाहणी

कासारखेडच्या नव्या नकाशात आठवडी बाजाराचं मैदान बंगल्यांना गेलं, तशी दर गुरुवारी तिथं कांदे विकणाऱ्या भागूआत्यानं हरकत नोंदवली. नगरपालिकेत हरकतींची सुनावणी लागली, तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

नगररचना अधिकारी टिपरेसाहेब ऐटीत म्हणाले, “मी जातीनं तीन सोमवार पाहणी केली. मैदानात चिटपाखरूही नव्हतं. रिकामी जागा वाया का घालवायची?”

भागूआत्या पदर खोचून उठली. “साहेब, मीही तीन रविवार तुमच्या हापिसाच्या खिडकीतून डोकावले. तुमची खुर्ची रिकामीच होती. ती कुणाला देऊन टाकायची?”

सभागृह खदखदून हसलं. साहेबांनी ‘बाजार कायम’ असा शेरा मारला.

गुरुवारी ते पिशवी घेऊन बाजारात आले. भागूआत्यानं दोन कांदे वर टाकले. “आज पाहणीला वार बरा निवडलात.”