पाठमोरी

एका राज्यात एक राजा होता. त्यानं महालात नवी भिंत बांधली, आणि त्या नादात दारी आलेल्या मांत्रिकाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझी भिंत तहानलेली राहील. हात लावील त्याला पिईल, रंग लावाल तो पिईल. कुणी कधी न काढलेलं, काढणाऱ्याच्या जिवातलं चित्र तिच्यावर उमटेल, तेव्हाच तिची तहान भागेल."

भिंतीनं आधी गवंडी प्यायला, मग राजाचा भाऊ. मग चुना घोटायला आलेली येसू, म्हादबा चिताऱ्याची बायको. तिची हाक तेवढी बाहेर राहिली, "अहो!"

म्हादबानं कुंचल्याला वेळूची काठी बांधली आणि तो दूर उभा राहिला. काय काढावं, कळेना. न काढलेलं म्हणजे काय? शेवटी त्यानं एक प्राणी काढला. हत्तीची सोंड, मोराचा पिसारा, माशाचं अंग. भिंतीनं तो गटकन प्यायला.

वळचणीची साळुंकी हसली. "सोंड हत्तीची, पिसारा मोराचा. तुझं काय रे त्यात?"

म्हादबा आणखीच गोंधळला. मग म्हणाला, माझं म्हणजे येसूच की! त्यानं येसूचा मुखडा काढला. चिताऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे डोळे सगळ्यांत शेवटी, कमळाच्या पाकळीसारखे, कानापर्यंत लांब. भिंतीनं तोही प्यायला.

"हे डोळे तर गावातल्या साऱ्या देवींना आहेत," साळुंकी म्हणाली. "तुझ्या बायकोचे कसे आहेत?"

म्हादबा आठवू लागला. मोठे? बारीक? काळे, की पिंगट? आठवेना. सारा जन्म ती दारात उजेडाकडे तोंड करून रंग वाटत बसली, आणि मागं बसून तो देवींचे डोळे काढत राहिला.

"मला तिची पाठच ठाऊक आहे गं," तो म्हणाला.

"मग ती काढ."

त्यानं पाठ काढली. वाटताना वर येणारा उजवा खांदा. सुटलेला अंबाडा. पदराला पुसलेली निळी बोटं. काढता काढता त्याचे डोळे वाहू लागले.

प्रधान ओरडला, "चितारी, डोळ्यांवाचून चित्र अपुरं असतं!"

"अपुरंच आहे, प्रधानजी. मला ठाऊक असतं तर काढले असते."

सगळे भिंतीकडे बघत राहिले. रंग ओला होता, तो वाळला. भिंतीनं थेंबही प्यायला नाही.

म्हादबा पुढं झाला. काठी टाकून त्यानं चित्रातल्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "येसू, वळ की गं."

येसू वळली. भिंतीतून उतरून पदर झाडत म्हणाली, "इतका मळका पदर चारचौघांत काढायचा होता होय? आणि असे बघता काय, कधी पाहिली नाही का?"

तिच्यामागून गवंडी आला, राजाचा भाऊ आला. राजानं स्वतः घागर उचलली आणि मांत्रिकाच्या शोधात अनवाणी निघाला. राज्याची घडी बसली.

म्हादबा मात्र बघतच राहिला. डोळे पिंगट होते. डावा अंमळ बारीक होता.

त्याला दिसलं, तसं ज्याचं त्याला वेळेवर दिसो.